पाच नंबरचा पंखा

घोटावड्याला आम्ही ज्या खोल्यांमध्ये राहत होतो तिथल्या न्हाणीघराला दार नव्हतं. दाराच्या जागी एक भावी सरपंच होते. कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स होता तो, चांगला जाड, आणि त्यावर हे गृहस्थ पांढऱ्या कपड्यांत, गॉगल लावून, हात जोडून उभे. पहिल्या दिवशी मी अंगावर तांब्या ओतणार तोच समोर लक्ष गेलं आणि कपडे सावरत बाहेर पळाले. नवरा म्हणाला, काय झालं, पाल आहे का? म्हटलं, पाल परवडली असती, इथं माणूस बघतोय.

तशीच तरातरा मालकांकडे गेले. मालक ओसरीवर बसून सुतळीचे तुकडे एकमेकांना गाठी मारून जोडत होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "म्याडम, त्यो तर पडला की विलेक्शनला. त्येचं काय मनावर घेताय? उलटा करून लावा." मी उलटा करून लावला. तेव्हापासून आंघोळीसाठी बाहेर ताटकळणाऱ्यांपुढे भावी सरपंच हात जोडून उभे असायचे आणि आत नुसती कोरी पांढरी बाजू. कुरकुर करत का होईना, मालकांची युक्ती लागू पडायची. हाच त्यांचा सगळ्यात मोठा दोष होता.

मालक म्हणजे आमचे घरमालक. लग्नानंतर मी आणि नवरा नगरकडून इकडे आलो. त्याची कारखान्यात शिफ्टची नोकरी, माझी दुसऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात. मालकांची बरीच जमीन कारखान्यांना गेली होती. त्या वेळी त्यांच्या भावकीने मोठमोठ्या गाड्या घेतल्या, गळ्यात बैल बांधता येतील एवढ्या जाड सोन्याच्या साखळ्या घातल्या, आणि आता त्यातले निम्मे लोक त्याच गाड्यांच्या हप्त्यांवरून घरात भांडत होते. मालकांनी मात्र खोल्यांच्या दोन ओळी बांधल्या आणि बांधकामातून उरलेल्या सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांच्या बाजाराच्या पिशव्या शिवून घेतल्या. त्यांना कशाची म्हणजे कशाची ददात नव्हती. गरिबाघरची काटकसर मला कळते, मी त्यातच वाढलेय. हे प्रकरण वेगळं होतं. या माणसाला काहीही वाया गेलेलं बघवत नसे, मग ते कुणाचंही असो.

तोंडात सदा एकच वाक्य. "फुकाट चाललंय!" नळ ठिबकला, फुकाट चाललंय. दिवसा दिवा दिसला, फुकाट चाललंय. सुट्टीच्या दिवशी माझा नवरा उशिरापर्यंत झोपला की खिडकीतून डोकावून तेच. एकदा कारखान्याच्या धुराड्यातून वाफ निघताना बघून इतके कळवळले की म्हणाले, "आरारा, एवढ्या वाफंवर समद्या गावाचा भात शिजला आस्ता की वो."

आता त्यांच्या घरची दुधाची पिशवी घ्या. ती कोपऱ्यात कापायची, पण कापलेला तुकडा पिशवीला चिकटलेला राहिला पाहिजे. दूध ओतलं की आत पाणी घालून खळखळवायची, ते पाणी चहाला. मग उलटी करून धुवायची आणि दोरीवर चिमटा लावून वाळत घालायची. पहिल्यांदा आवारात येणाऱ्याला वाटायचं, या घरात फार लहान चणीची माणसं राहतात आणि सगळी निळे कपडे घालतात. दात घासायचा ब्रश म्हातारा झाला की कंगवे साफ करायला जाई, आणि त्याचे केस पार झडले की मालकीणबाईंच्या, म्हणजे काकूंच्या, परकराची नाडी ओवायला. रिटायर होणं नावाची गोष्ट त्या घरात कुणालाच नव्हती. काकूंना तर नव्हतीच, पण त्यांचं पुढे सांगते.

लग्नसराई आली की मालकांना उधाण यायचं. या भागात लग्नाला गेलं की पाव्हण्यांना फेटे बांधतात. जेवणं झाली की लोक घामाघूम होऊन फेटा काढतात आणि खुर्चीवर टाकून जातात. मालक स्वतःच्या डोक्यावरचा आणत ते आणतच, वर खुर्च्यांवरचेही गोळा करून आणत. त्यामुळे घरातले पडदे फेट्यांचे, उशांचे अभ्रे फेट्यांचे, गोधड्यांना अस्तर फेट्यांचं. सगळीकडे गुलाबी आणि भगवा रंग. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं की या घरात आज काही कार्य आहे. शिवणकाम अर्थातच काकूंचं.

आत मात्र अंधार. पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीतली वीट काढून मालकांनी भोक पाडलं होतं आणि त्या भोकात एक बल्ब बसवला होता. एका बल्बात दोन खोल्या! मालक हे पाव्हण्यांना कौतुकाने दाखवत. उजेड दोन्हीकडे अर्धाच पडायचा. काकूंना तांदूळ निवडायचे असले की त्या ताट उचलून भोकापाशी धरायच्या. पंखा नव्हताच. "मुळशीत पंखा? हवा काय कमी हाय व्हय हितं?" भाडेकरूंच्या खोल्यांना मात्र पंखे होते, कारण पंख्याशिवाय खोली कुणी घेत नाही.

खोल्यांमधली बटणं त्यांनी भंगारातून आणलेली. जुनी, काळी, जाडजूड. दाबली की खट्ट असा आवाज व्हायचा, शेजारच्या खोलीतलं मूल दचकून उठायचं. मजबूत आहेत म्हणून बसवली, असं मालक सांगत. खरं कारण मला हळूहळू कळलं. ओसरीवर बसल्या बसल्या कुठल्या खोलीत काय लागलं हे त्यांना आवाजावरून समजायचं. खट्ट झालं की हाक आलीच, "दोन नंबर! दिस हाय की अजून!" आणि हाकेने भागलं नाही तर स्वतः यायचे, उघड्या दारातून आत शिरायचे, बटण बंद करायचे आणि चालू लागायचे. एकदा माझी आई आली होती. मुक्कामाला पाव्हणा ठेवायचा तर मालकाला विचारायचं असा नियम होता, मी रीतसर विचारलंही होतं. आई चपात्या लाटत होती. मालक आले, खट्ट केलं, गेले. आई बिचारी अंधारात लाटत राहिली. तिला वाटलं लाइट गेली.

मग मात्र मी भांडले. "मालक, प्रत्येक खोलीला वेगळा मीटर आहे, बिल आमचं आम्ही भरतो. तुमच्या का पोटात दुखतं?"

"भरताय की. न्हाई कुटं म्हन्लं मी?" मालक म्हणाले. "पन मीटर माज्या डोळ्याम्होरं फिरतोय न्हवं?"

कप्पाळ माझं!

त्यांना बाजाराला जायचं असलं की माझ्या ऑफिसच्या वेळेला ते फाटकाशी उभे असायचे. "म्याडम, गाडी तिकडंच जातीया न्हवं?" मग माझ्या स्कूटीवर मागे बसायचे, धोतराचा सोगा आवरून, माझ्या अंगाला बोटही लागणार नाही एवढं अंतर ठेवून. उतार आला की मात्र खांद्यावर टकटक. "बंद करा गाडी. उतार हाय." एकदा मी गंमत म्हणून खरंच बंद केली. उतार संपला, चढ आला, आणि स्कूटी काही केल्या चालू होईना. भर उन्हात मालक मागून ढकलत होते आणि धापा टाकत म्हणत होते, "बगा, वाचलं का न्हाई पेट्रोल?"

या सगळ्यात त्यांचा सर्वांत कडक नियम होता तो रिकाम्या फेऱ्याचा. माणसाने कुठेही जाताना किंवा येताना रिकाम्या हाताने जायचं नाही. शेताकडून आले की काखेत काटक्या आणि हातात शेणाची पाटी. रस्त्याने आले की खिशात ट्रकमधून पडलेले नटबोल्ट. आमच्या खोलीतलं बटण बंद करायला आले तरी जाताना दाराबाहेरचा रिकामा खोका उचलून नेत. "आल्यासारकं न्हेतो." काय नेतोय, कशाला नेतोय, त्याचा काय अर्थ होतो, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. हात भरलेला हवा. याच नियमाने पुढे त्यांची फजिती केली.

आता काकू.  बारीक अंगाच्या, कपाळावर ठळक कुंकू, हसल्या की खालच्या दातांतली फट दिसायची. मालक दिवा बंद करून गेले की थोड्या वेळाने काकू यायच्या आणि तोच दिवा पुन्हा लावून द्यायच्या. पण कसा? बटणावर पदराची चार पदरी घडी दाबून, म्हणजे खट्ट आवाज ओसरीपर्यंत जाणार नाही. मग माझ्याकडे बघून हसायच्या. "तेंच्या डोस्क्याचं मनावर घिऊ नगंस, पोरी. मानूस वाईट न्हाई." भांडणं त्या अशा पदराने दाबायच्या. त्या आवारातून कुणी खोली सोडून जात नव्हतं ते काकूंमुळे. मालकांना वाटायचं, मजबूत बटणांमुळे.

त्या वर्षी उन्हाळा भयंकर होता. गुरुवारी आमच्या कारखान्यांना सुट्टी. गुरुवारी दुपारी काकू तांदळाचं ताट घेऊन माझ्या खोलीत यायला लागल्या. पंख्याखाली बसून निवडायच्या. "हितं उजेडबी हाय अन् वारंबी. तुज्या घरात बाईमानसासारकं बसता येतं," म्हणायच्या. एका गुरुवारी निवडता निवडता त्यांचा डोळा लागला. फरशीवर, हाताची उशी करून, तोंड थोडं उघडं. पहाटेपासून बंब, भाकऱ्या, धुणं, परसातल्या भाजीला पाणी, सगळं एकटीने केलेलं. मी त्यांच्या अंगावरून ओलांडायलासुद्धा नको म्हणून कॉटवर पाय घेऊन बसले होते.

तेवढ्यात मालक आले. चहाची वेळ झाली होती आणि चहा करणारी जागेवर नव्हती. दारात उभं राहून त्यांनी आधी बायकोकडे बघितलं, मग पंख्याकडे. आणि हात लांब करून बटण बंद केलं. खट्ट!

काकू दचकून उठल्या. काय झालं ते कळायला त्यांना क्षणभर वेळ लागला.

"दुसऱ्याचं मीटर कशापायी फिरवायचं?" मालक म्हणाले. "चल, च्या ठेव."

काकू वर पंख्याकडे बघत राहिल्या. पाती हळूहळू थांबेपर्यंत बघत राहिल्या. मग निवडलेले तांदूळ डब्यात ओतले, खडे वेगळे उचलले आणि गेल्या. मी मालकांना तोंडाला येईल ते बोलले. माझ्या घरात माझ्या पंख्याला हात लावायचा नाही, तुम्हाला माणूस कळतो की नाही, सगळं बोलले. मालक खरोखरच गोंधळले. "आवं, तुमचंच वाचवलं की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू हातात पिशवी घेऊन माझ्या दारात आल्या. "लेकीकडं चालले, रिह्याला. तेंनी इचारलं कवा येनार, तर सांग, म्हाईत न्हाई." इतकं बोलून त्या जीपमध्ये बसून गेल्यासुद्धा. मला तेव्हाच कळलं की ही नेहमीची चार दिवसांची फेरी नाही. काकू कधीच 'म्हाईत न्हाई' म्हणणाऱ्यातल्या नव्हत्या.

मालक मात्र खुशीत. ओसरीवर येईल त्याला सांगायचे, "एक तोंड कमी झालं. तांदूळ वाचतोय." दोन-चार दिवस ते वाचलेल्या तांदळाच्या तोऱ्यात हिंडले. मग बंब रुसला. बंबाला लागणाऱ्या काटक्या मालक आणायचे खरे, पण त्या मोडून, वाळवून, रात्री झाकून ठेवणारी रिह्यात होती. शेण आणायचे, पण त्याच्या शेणी थापणारी रिह्यात होती. दुधाच्या पिशव्या कोपऱ्यात साठून आंबल्या आणि त्यांच्यावर माश्या बसायला लागल्या. भाजीचं परस वाळलं. पडद्याचा फेटा उसवला तो तसाच लोंबत राहिला. भाकरी थापायला बसले तर तिचा कुठल्याशा देशाचा नकाशा झाला, तो त्यांनी करपलेला तसाच खाल्ला, वाया कसा घालवणार? शेवटी जन्मात ज्याने हॉटेलचा चहा स्वतःच्या खिशातून प्यायला नव्हता तो माणूस सकाळ-संध्याकाळ नाक्यावरच्या हॉटेलात दिसायला लागला. खानावळीचा डबा लागला. धुणं लाँड्रीत गेलं. एवढी वर्षं हा माणूस ज्याला आपली काटकसर म्हणत होता ती सगळी त्या बाईच्या हातांची होती. मला तेव्हा त्यांची कीव नाही आली. बरी अद्दल घडली, असंच वाटलं.

आणि बटणं बंद करणं चालूच होतं. पदराची घडी घेऊन मागोमाग येणारं मात्र कुणी नव्हतं. पाच नंबरमध्ये बिहारकडचं एक जोडपं होतं. ते खोली सोडून निघालं. सामान टेम्पोत टाकताना ती बाई मला म्हणाली, "दीदी, अंकल बत्ती बुझा देते हैं. पहले आंटी आके जला देती थीं. अब कौन जलाएगा?" पाच नंबरला कुलूप लागलं.

काकूंचा मधून मधून मिस कॉल यायचा. आता फोन करायला वेगळे पैसे पडत नाहीत, पण मालकांनी लावलेली सवय. मी उलट फोन करायचे आणि सगळा वृत्तांत सांगायचे. हॉटेलातल्या चहाचं ऐकून त्या पोट धरून हसल्या. पाच नंबरचं सांगितलं तेव्हा मात्र हसल्या नाहीत. "रिकामी हाय व्हय?" एवढंच म्हणाल्या.

मग एका गुरुवारी मालक फाटकाशी उभे. दाढी केलेली, पांढरी टोपी धुतलेली, हातात सिमेंटच्या पोत्याची फुगलेली पिशवी. "म्याडम, गाडी रिह्याकडं जातीया का?"

माझं रिह्यात काही काम नव्हतं. पण मला काकू परत हव्या होत्या. त्यांच्यावाचून ते आवार मला खायला उठत होतं. म्हटलं, "जाते. बसा."

वाटेत उतार लागला. मी वाट बघत होते. खांद्यावर टकटक झालीच नाही. मी आरशातून बघितलं, तर मालक पिशवी पोटाशी धरून कडेच्या भातखाचरांकडे बघत बसले होते. जन्मात पहिल्यांदा उतारावर त्यांनी गाडी चालू राहू दिली.

लेकीच्या अंगणात कुरडया वाळत घातल्या होत्या. लेक तिथेच राखण करत होती आणि काकू ओट्यावर होत्या. बापाला बघून लेक आधी हसली, पाणी आणायला वळली, तेवढ्यात मालकांनी पिशवी उघडून एकेक वस्तू ओट्यावर मांडायला सुरुवात केली. काकूंच्या दुसऱ्या चपला. काकूंची फणी. मिश्रीची डबी. दोन जुन्या साड्या. पांघरायची गोधडी. लेकीने ते बघितलं आणि तिचा चेहराच बदलला.

"आबा! आईचं सामान घिऊन आलाय व्हय? म्हंजे आता ती हितंच ऱ्हायाची का कायमची? लाज न्हाई वाटत? न्यायला यायचं सोडून पोचवायला आलाय?"

मालक हातातल्या पिशवीकडे बघायला लागले. "आगं... तसं न्हाई... रिकामं कसं यायचं..."

मी मधे बोलणार होते, पण माझ्या आधी काकूच बोलल्या. त्या हसत होत्या. "गप गं. तेंचा रिकामा फेरा व्हत न्हाई कंदी. हाताला घावलं ते आनलं आसंल." आख्ख्या जगात हे ओळखणारी ती एकटी बाई होती, आणि तिलाच हा माणूस हातचं घालवून बसला होता. मग काकूंचं हसू मावळलं. "बोला. काय म्हन्तासा?"

"घरी चल."

"कशाला?"

मालकांनी टोपी काढली, परत घातली. "तुज्याबिगर..." ते म्हणाले, "लई खर्च व्हतोय."

लेकीने कपाळावर हात मारून घेतला. मलाही तिथल्या तिथे त्यांना हलवावंसं वाटलं. पण खरं सांगते, हे बोलताना त्यांनी टोपी पुन्हा काढून हातात घट्ट धरली होती.

"बल्ब फुकाट जळला की पळत जाताय," काकू म्हणाल्या. "मी चुलीम्होरं जळतीया ते कवा दिसलं न्हाई तुमास्नी. कवा न्हाई ते ह्या पोरीच्या खोलीत डोळा लागला व्हता माजा. तेबी तुमास्नी बगवलं न्हाई." त्यांनी पदराने डोळे पुसले. "परक्या बायका पंख्याखाली निजत्यात अन् मालकीन अंधारात. मला त्या घरात यायचं न्हाई. पाच नंबर रिकामी हाय न्हवं? तितं ऱ्हाते. भाडेकरीन म्हून."

अंगणात कुरडयांवर चिमणी येऊन बसली तरी लेकीने हाकलली नाही.

आणि या क्षणीसुद्धा मालकांमधला घरमालक जागा झाला! "अन् भाडं?"

"माज्या मजुरीतनं कापा."

"कसली मजुरी?"

विचारलं खरं, पण मालकांनी सवयीने बोटं मोजायला घेतली. "भाकऱ्या... बंब... धुनी... शेनी... गोदड्या..." एक हात संपला. दुसरा हात घेतला. "परसातली भाजी... तांदूळ निवडायचं..." दुसऱ्या हाताच्या निम्म्यावर ते थांबले. हाताकडे बघत उभे राहिले आणि मग दोन्ही हात हळूच खाली सोडले. अगदी बारीक आवाजात म्हणाले, "अॅडव्हान्स तरी..."

"लगीन झाल्यापासनं आदीच राबून बसलीया," काकू म्हणाल्या. "अजून कसला अॅडव्हान्स?"

ओट्यावरचं सामान पुन्हा पिशवीत भरलं गेलं. काकू माझ्या मागे स्कूटीवर बसल्या. मालक म्हणाले, तिघं बसू की. मी म्हटलं, मुळीच नाही. मग ते दुधाच्या टेम्पोतून आले, अर्थात फुकट. फाटकापाशी उतरले ते पिशवी खांद्यावर घेऊन आणि मला म्हणाले, "बगा म्याडम, जातानाबी भरून, येतानाबी भरून." म्हटलं, धन्य आहे!

काकूंनी पाच नंबर झाडून घेतली, सारवल्यासारखी लख्ख पुसली, आणि पंखा पाचवर लावला. पदराची घडी न घेता. तो खट्ट आवाज सगळ्या आवाराने ऐकला. ओसरीवरून हाक आली नाही.

संध्याकाळी मालक काकूंच्या दारात. हातात गोधडी. काकू उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. "मुक्कामाला पाव्हना ठेवायचा तर मालकाला इचारावं लागतं."

"आगं, मीच मालक हाय की!"

"मंग इचारा सवताला."

मालकांनी स्वतःला काय विचारलं ते माहीत नाही. आत गेले. मी माझ्या खोलीच्या दारातून सगळं बघत होते, लाज सोडून. आत शिरल्या शिरल्या त्यांचा उजवा हात बटणाकडे गेला. सवयच ती. काकूंनी फक्त बघितलं. हात तिथेच थांबला, मग वळून डोक्यावरची टोपी सारखी करून खाली आला. ते पंख्याखाली बसले आणि काही वेळाने म्हणाले, "वारं बरं हाय."

आठवड्याभरात त्यांनी या सगळ्याचा आपल्या परीने हिशेब जुळवला. मला म्हणाले, "म्याडम, एका पंख्यात दोन मानसं. घरातला बल्ब बंद. फायदाच झाला की." म्हणजे हरलेल्या गोष्टीतही त्यांनी बचत शोधली! वर म्हणतात, "घर आता रिकामंच पडलंय, फुकाट चाललंय. कुनी भाड्यानं घेनारं आसलं तर सांगा." आणि खरंच एका कारखान्यातल्या सुपरवायझरने ते घर घेतलं. त्याच्या बायकोने पहिलीच अट घातली, पंखा पाहिजे. मालकांनी दुसऱ्याच दिवशी त्या घरात पंखा बसवला. दोन. भिंतीतलं भोकही बुजवलं आणि दोन्हीकडे वेगवेगळे बल्ब लावले.

हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि ते लवकर थांबलं नाही. त्या घरात त्यांनी सगळा संसार अर्ध्या उजेडात केला होता. मला मालकांचा इतका राग आला की पुढे कितीतरी दिवस मी त्यांना स्कूटीवर बसवलं नाही.

पुढे आम्ही पिरंगुटला फ्लॅट घेतला आणि ते आवार सुटलं. तरी काकूंसाठी जाणं होतंच. मध्यंतरी अशीच एका गुरुवारी दुपारी गेले. आवारात दोरीवर दुधाच्या पिशव्या वाळत होत्या. त्या आता मालक स्वतः धुतात, वाईट धुतात. न्हाणीघराला नवे भावी सरपंच लागले होते. पाच नंबरचं दार उघडं होतं. काकू पंख्याखाली चटईवर झोपल्या होत्या, हाताची उशी करून, तोंड थोडं उघडं. शेजारी अर्धे निवडलेले तांदूळ. मालक उंबऱ्यात बसून ताट मांडीवर घेऊन उरलेले निवडत होते, डोळ्यांच्या अगदी जवळ धरून.

बाहेर ढळढळीत ऊन, आणि खोलीत बल्ब चालू. काकूंनी निवडताना लावला असणार. इतकी वर्षं मालकांच्या संगतीत काढलेली मी, माझाच हात बटणाकडे गेला.

मालकांनी चटकन माझं मनगट धरलं. माझ्या अंगाला कधी बोट न लावणारा माणूस. दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवून कुजबुजले, "ऱ्हाऊ द्या, म्याडम. लई वाजतं ते बटन. आत्ताशी डोळा लागलाय तिचा."

मी हात मागे घेतला आणि त्यांच्याजवळ उंबऱ्यात बसले. भर दुपारी बल्ब फुकट जळत होता आणि मालक खाली मान घालून तांदूळ निवडत होते.